परदेशातून : लीड्सचा आदेश आणि नाशिकचा शिक्का

आमच्या नात्यातल्या एका लग्नाच्या बोलणीवरून गेले काही आठवडे नाशिकमध्ये जो वाद चालला आहे, तो व्हिडिओ कॉलवर मला इतक्या वेळा ऐकावा लागला, की आता लिहून मोकळे झालेले बरे असे वाटू लागले आहे. मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, पहिल्या लग्नाचा घटस्फोट त्याने तिथेच घेतला आहे आणि तिथल्या न्यायालयाचा अंतिम आदेश त्याच्याकडे आहे. मुलीच्या वडिलांच्या वकिलांनी एवढेच विचारले, की या आदेशाला इथल्या न्यायालयाची मान्यता घेतली आहे का. त्यावरून घरात दोन तट पडले. माझ्या मावसभावाचे म्हणणे असे, की आपली न्यायालये अजून गेल्या शतकात आहेत आणि ज्या इंग्रजांकडून आपण कायदा घेतला त्यांच्याच न्यायाधीशाचा आदेश आपल्याला पुरत नाही, हा निव्वळ अडाणीपणा आहे. मामांचे म्हणणे याच्या नेमके उलट. तिकडे लग्न मोडणे हा पोरखेळ झाला आहे, तेव्हा तिकडच्या कागदाला इथे रद्दीचा भाव मिळतो तेच योग्य, असे ते ठासून सांगतात. दोघेही साक्षीला मलाच बोलावतात, कारण मी इंग्लंडमधल्या लीड्सला राहते आणि तसाच एक घटस्फोटाचा आदेश माझ्याही कपाटात आहे.

मावसभावाला सर्वांत आधी एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी निकाल तपासून घेण्याचा जो नियम त्याला अडाणीपणाचा वाटतो, तो इंग्रजांच्याच राजवटीत केलेल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, कलम १३ मध्ये आहे. परदेशी न्यायालयाचा निकाल पक्षकारांवर बंधनकारक असतो, असेच हे कलम म्हणते. मात्र त्या न्यायालयाला अधिकार नसेल, प्रकरणाच्या गुणदोषांवर निर्णय झाला नसेल, भारतीय कायदा लागू असताना तो डावलला गेला असेल, समोरच्याला म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नसेल, निकाल फसवणुकीने मिळवला असेल किंवा ज्या दाव्यावर तो दिला तो दावाच भारतातल्या कायद्याचा भंग करणारा असेल, तर तो बंधनकारक राहत नाही. ब्रिटन १९५३ पासून परस्पर अंमलबजावणीच्या, म्हणजे एकमेकांच्या न्यायालयांचे हुकूमनामे अमलात आणणाऱ्या देशांच्या यादीत आहे, हा त्याचा हुकमी एक्काही इथे चालत नाही. ती यादी त्याच संहितेच्या कलम ४४अ खाली पैशांच्या हुकूमनाम्यांची वसुली करण्यासाठी आहे, लग्न संपले की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे.

शिवाय इंग्लंड तरी बाहेरचा घटस्फोट डोळे मिटून कुठे मानते? तिथल्या १९८६ च्या कौटुंबिक कायद्यानुसार परदेशी घटस्फोटाला सहसा मान्यता मिळते हे खरे; पण समोरच्याला पुरेशी सूचना दिली गेली नसेल किंवा बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळाली नसेल, तर तिथले न्यायालयही ती नाकारू शकते. नाशिकला घटस्फोट घेतलेला माणूस लीड्सच्या रजिस्टर ऑफिसमध्ये दुसऱ्या लग्नाची नोटीस द्यायला गेला, तर त्याच्याकडे मूळ कागद आणि भाषांतर मागतात आणि ते तपासून होईपर्यंत त्याला थांबवून ठेवतात. त्याला मात्र माझा मावसभाऊ ‘सिस्टीम’ म्हणतो. नाशिकमध्ये तेच कागद मागितले की तो अडाणीपणा होतो.

आपल्या न्यायालयांनी परदेशी हुकूम तपासण्याचे हे दार कोणासाठी राखून ठेवले, ते या वादात कोणीच बोलत नाही. या विषयावरचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन पायाभूत निकाल मराठी न्यायमूर्तींच्या हातचे आहेत, याचा मला परक्या मुलखात बसून थोडा अभिमानही वाटतो. पहिला सत्या विरुद्ध तेजा सिंग, न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांचा. पत्नीने पंजाबात पोटगी मागितली, तेव्हा अमेरिकेत गेलेल्या नवऱ्याने नेवाडा राज्याचा घटस्फोटाचा हुकूम पुढे केला. सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट देणारे राज्य म्हणून नेवाडाची ख्याती होती. तिथे कायमचे राहण्याचा इरादा नसताना तो असल्याचे भासवून हुकूम मिळवला गेला, म्हणून तो फसवणुकीचा ठरवून न्यायालयाने नाकारला. दुसरा १९९१ चा, वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. लग्न तिरुपतीला आणि घटस्फोट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात. त्या प्रकरणात परदेशी हुकमाची नुसती छायाप्रत न्यायालयापुढे आली होती, प्रमाणित नक्कलसुद्धा नव्हती. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्याच कायद्यातल्या कारणावर आणि त्याच कायद्याने अधिकार दिलेल्या न्यायालयाने घटस्फोट दिलेला असावा, असे सूत्र तिथे ठरले. त्याला तीन अपवाद ठेवले : समोरचा पक्ष कायमचा जिथे राहतो तिथेच दावा दाखल झाला आणि कारण आपल्या कायद्यातले असले, समोरच्याने आपण होऊन तिथे हजर राहून अशाच कारणावर दावा लढवला, किंवा समोरच्याने घटस्फोटाला संमती दिली.

या सूत्राला कोणी जुनाट म्हणो. निफाडकडच्या आमच्या ओळखीच्या एका घरात असे इंग्रजी पाकीट आलेले मी पाहिले आहे. ऑक्टोबर छाटणीचे दिवस होते, घरातले सगळे द्राक्षबागेत होते आणि कुरिअरवाल्याची सही मुलीच्या आजीने केली. आत अमेरिकेतल्या न्यायालयाची नोटीस होती आणि उत्तर द्यायची मुदत मुलीच्या वडिलांना पाकीट वाचून घेण्यासाठी माणूस शोधेपर्यंत निम्मी सरली होती. तिथला वकील करायचा तर त्याची फी डॉलरमध्ये, आणि स्वतः जायचे तर व्हिसा नवऱ्याच्या नावावर काढलेला. अशा मुलीविरुद्ध झालेल्या एकतर्फी हुकमाला नाशिकच्या न्यायालयाने मान तुकवायची काय? मावसभावाने याचे उत्तर एकदा त्या घरी जाऊन द्यावे.

मात्र एवढ्यावरून मामांनी मिशीला पीळ देऊ नये. इंग्लंडमध्ये लग्न मोडणे पोरखेळ कधीच नव्हते. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टिनी ओवेन्स नावाच्या बाईंना घटस्फोट नाकारला होता. नवऱ्याचे वागणे कायद्याला अपेक्षित होते तेवढे असह्य असल्याचे सिद्ध झाले नाही, म्हणून पाच वर्षांचे वेगळेपण पूर्ण होईपर्यंत त्यांना विवाहिताच राहावे लागले. हे कुठल्या संस्थानी काळातले नाही. कायदा बदलला तो एप्रिल २०२२ मध्ये, आणि आताही अर्जापासून सशर्त आदेशाची, म्हणजे अंतिम आदेशाआधीच्या पहिल्या आदेशाची, मागणी करेपर्यंत वीस आठवडे आणि त्यानंतर अंतिम आदेशासाठी आणखी सहा आठवडे थांबावेच लागते. बदल एवढाच, की आता कोणाची चूक ते सांगावे लागत नाही. संसार सावरण्यापलीकडे गेला, असे एकाने किंवा दोघांनी लिहून दिले की न्यायालय ते मानते.

आमच्यासारख्यांची अडचण नेमकी इथे आहे आणि ती ना मावसभावाला दिसते, ना मामांना. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता आहे, परित्याग आहे, १९७६ पासून परस्पर संमतीही आहे. पण लग्न पुन्हा न सांधण्याइतके तुटले आहे, हे स्वतंत्र कारण त्यात आजही नाही. विधी आयोगाने १९७८ मध्ये ते सुचवले, २००९ मध्ये पुन्हा सुचवले, २०१३ मध्ये राज्यसभेने तसे विधेयक मंजूरही केले आणि पुढे ते बारगळले. २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली या कारणावर घटस्फोट देऊ शकते, पण तो अधिकार कौटुंबिक न्यायालयाकडे नाही. याचा परिणाम विचित्र होतो. २०२२ च्या आधी ज्यांनी इंग्लंडमध्ये एकमेकांवर चिखलफेक करून घटस्फोट घेतला, त्यांचे कारण आपल्या क्रूरतेच्या जवळ जाते. आणि जे शहाण्यासारखे, एकमेकांवर आळ न घेता वेगळे झाले, त्यांच्या हुकमाला आपल्या कायद्यात कारणच सापडत नाही. फसवणाऱ्या नवऱ्यांसाठी लावलेल्या चाळणीत ही प्रामाणिक माणसे अडकतात. चाळण काढून टाकण्याची गरज नाही, तिची भोके कायदेमंडळाने नीट पाडावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

इंग्लंडमधला माझा घटस्फोटाचा अर्ज एकटीचा होता. त्या काळात आम्ही दोघे एकमेकांशी बोलत नव्हतो, त्यामुळे संयुक्त अर्जाचा प्रश्नच आला नाही. नवऱ्याला नोटीस मिळाल्यावर चौदा दिवसांत एक फॉर्म भरून द्यायचा असतो. त्यात ‘तुम्हाला या अर्जाला हरकत घ्यायची आहे का’ असा एक प्रश्न आहे आणि त्याने ‘नाही’वर खूण केली. माझ्या दृष्टीने तिथेच सगळे संपले होते. नाशिकच्या वकीलबाईंनी ते पान चष्मा वर करून दोनदा वाचले आणि विचारले, “यात संमती कुठे आहे?” प्रश्न बिनतोड होता. इंग्लंडच्या नव्या कायद्यात हरकत घेण्याची कारणेच दोन-चार उरली आहेत, म्हणजे न्यायालयाला अधिकार नाही किंवा मुळात लग्नच वैध नव्हते, अशी. तेव्हा हरकत नसणे म्हणजे संमती असणे, असे नाशिकमध्ये कोणी का मानावे?

काही वकील अशा वेळी सरळ सांगतात, की इथे परस्पर संमतीचा नवा अर्ज टाका. तो मार्ग पक्का असेल, पण मला तो मानवला नाही. ज्या माणसाशी माझे एका देशात काही नाते उरलेले नाही, त्याच्याशेजारी उभे राहून दुसऱ्या देशातल्या न्यायालयाला ‘आम्ही पती-पत्नी आहोत, आम्हाला वेगळे करा’ असे सांगायचे, हे माझ्याच्याने झाले नसते. आम्ही दुसरी वाट धरली. कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम ७ खाली एखाद्याची वैवाहिक स्थिती घोषित करून मागता येते. मी अर्जदार आणि तो जाबदार. त्याने भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन शपथपत्र केले, की लीड्सचा आदेश त्याला मान्य आहे आणि त्याला त्याची संमती आहे. तशीच पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, इथे न्यायालयात दाखल झाली. इंग्लंडच्या आदेशाची मोहोरबंद प्रत अपोस्टील करून, म्हणजे परदेशात चालावी म्हणून तिथल्या सरकारचा खरेपणाचा दाखला घेऊन, जोडली आणि अधिकारक्षेत्र दाखवण्यासाठी लग्नपत्रिका लावली, कारण लग्न जिथे लागले तिथल्या न्यायालयात हे प्रकरण चालते. गंगापूर रोडच्या मंगल कार्यालयाचे नाव पत्रिकेच्या तळाशी सोनेरी अक्षरांत छापलेले होते. आईने हळद-कुंकू लावून देवघरात ठेवलेलीच प्रत ती; पुराव्याचा निशाणी क्रमांक पडून ती आता प्रकरणाच्या कागदांत गेली आहे. अर्जात माझा पत्ता ‘राहणार नाशिक, हल्ली मुक्काम लीड्स’ असा टंकला होता. मी तो बदलायला सांगितला नाही.

मावसभाऊ मला विचारतो, की हे सगळे तू का केलेस, आणि या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकात उत्तर नाही. माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. मला पुन्हा लग्न करायचे नव्हते आणि माझ्या आधीच्या नवऱ्यालाही नाही. नाशिकमध्ये आमच्या दोघांच्या नावावर काहीही नाही. लीड्सच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या महापालिकेने, तर एका फोनवर माझ्या कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे तिथल्या घरपट्टीत, पंचवीस टक्के सवलत लावून टाकली होती. मी एकटी राहते याची कोणत्याही सरकारने घेतलेली ती पहिली दखल. अंतिम आदेश ईमेलने आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि संध्याकाळी उद्या कचऱ्याचा कोणता बिन बाहेर काढायचा ते पाहून झोपले. इंग्लंडच्या दृष्टीने त्याहून अधिक काही घडण्याची गरज नव्हती. मला मात्र होती. ज्या शहराने अक्षता टाकल्या, त्याच शहराच्या न्यायालयाने ‘हे संपले’ असे लिहून द्यावे असे मला वाटत होते. लोक काय म्हणतील म्हणून हे केले नाही, असे मी मावसभावाला तीनतीनदा बजावले. ते त्याला पटले असेल असे नाही, आणि मलाही ते पूर्ण पटत नाही. एरवी तिथल्या रस्त्यांना, रांगांना, हॉर्नला नावे ठेवणारी मी, माझ्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीवर शेवटचा शब्द नाशिकचाच असावा असे मानत होते. मावसभावाला हा गुलामगिरीचा उलटा प्रकार वाटतो. वाटू दे.

मामांना मात्र माझ्या प्रकरणातून आपलाच विजय झाल्यासारखे वाटते आहे, तो गैरसमज दूर करते. नाशिकच्या न्यायालयाने लीड्सचा आदेश रद्दीत काढला नाही. त्याने तो वाचला, संमती तपासली आणि मानला. ज्या मुलाच्या लग्नावरून हे रामायण सुरू झाले, त्याच्या पहिल्या बायकोनेही संमती लिहून द्यायची तयारी दाखवली आहे, असे काल कळले. तेव्हा त्याचेही काम होईल, फक्त मुहूर्ताआधी होणार नाही.

इथे माझ्या ऑफिसात नाशिक रोडचा एक तरुण आहे, त्याचा घटस्फोटाचा अर्ज अजून जायचा आहे. त्याला मी सांगितले, की दोघांनी मिळून संयुक्त अर्ज करा, म्हणजे संमतीच्या त्या तिसऱ्या अपवादात बसणे सोपे जाईल. आणि बायकोची संमती वेगळ्या शपथपत्रावरही घेऊन ठेव. तो हसला आणि म्हणाला, “ताई, मला कुठे परत जायचंय?” मग जाता जाता त्याने वकीलबाईंचा नंबर मागून घेतला.