फक्त जायरोने गाडी उभी राहत नाही

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं की दुचाकी पळताना उभी राहते ती निव्वळ चाकांच्या जायरोमुळे (फिरतं चाक आपली दिशा सहज सोडत नाही, तो परिणाम), ट्रेल (हँडलच्या तिरक्या दांड्याची रेष जमिनीला जिथे लागते त्याच्या मागे पुढचं टायर जितकं टेकतं ते अंतर) वगैरे मी आधीच्या लिखाणात उगाच घुसडलंय, आणि तुमची गाडी ८० च्या पुढे मागून डुलते म्हणून तुम्ही आता रुंद टायर टाकणार आहात. या शेवटच्या वाक्यामुळेच एवढं लांब लिहितोय.

जायरो असतोच, पण १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश संशोधकाने सायकलला जमिनीला न टेकणारं जादा चाक लावून ते उलटं फिरवलं, म्हणजे जायरो जवळपास कॅन्सल, तरी ती आरामात चालवता आली, हात सोडून मात्र जमेना. पुढे २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठवाल्यांनी अशी सायकल बनवली की जायरो नाही, ट्रेलपण किंचित उलटा, आणि तरी ढकलून सोडली की कोणी न बसता स्वतःला सावरत जाते! तिथे काम केलं ते पुढच्या भागातलं वजन नेमकं कुठे ठेवलंय त्याने. म्हणजे ट्रेललाही सगळं क्रेडिट देता येत नाही, ते मी देणारही नाही. गाडी ज्या बाजूला कलली त्या बाजूला हँडल आपोआप वळलं पाहिजे, मग चाकं परत वजनाखाली येतात, आणि हे वळणं जायरो, ट्रेल, वजन, टायर सगळे मिळून घडवतात.

म्हणून तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) जास्त आवळला की नवीकोरी गाडीसुद्धा सरळ रस्त्यावर भरकटल्यासारखी चालते, हँडलला वळायला मोकळीकच उरत नाही ना.

आता तुमचं डुलणं. मागे मोठा टॉप बॉक्स आहे म्हणताय, ते वजन मागच्या अॅक्सलच्याही मागे लटकतं, पुढचं चाक हलकं होतं आणि स्पीडला मागचा भाग डोलायला लागतो. रुंद टायरने हे जाणार नाही, उलट त्याच वळणाला गाडी जास्त झुकवावी लागेल आणि हँडलिंग जड होईल. आधी बॉक्स काढून चालवून बघा, टायरची हवा कंपनीने दिलीय तेवढीच ठेवा, आणि मेकॅनिकला गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक आडवं हलवून बघायला सांगा. चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे) बुश किंवा व्हील बेअरिंग गेलं असेल तर तिथेच प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला लागेल. तोवर प्लीज ८० च्या वर नेऊ नका.