बदाम एक, पण दाणे वेगवेगळ्या झाडांचे

मेंदूच्या जडणघडणीवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘अमिग्डाला हे भावनांचं केंद्र आईच्या पोटातच तयार होतं’ हे वाक्य खटकलं. अमिग्डाला म्हणजे मेंदूतला बदामाच्या आकाराचा भाग. केंद्र म्हटलं की एकाच जागी उगवलेलं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात ही वेगवेगळ्या गावांहून आलेल्या पेशींची वस्ती आहे. एखाद्या गोष्टीशी भीतीची सांगड घालणारा त्याचा बाजूचा आणि तळाचा भाग मुख्यतः बाह्यकाच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) नात्यातल्या पेशींचा, म्हणजे संदेश पुढे चेतवणारा. मधल्या केंद्रकातल्या (म्हणजे पेशींच्या पुंजक्यातल्या) पेशी बहुतांशी आवर घालणाऱ्या, त्यांचं माहेर खालच्या बाजूला, स्ट्रायटम (हालचालींशी जोडलेला मेंदूतला खोल भाग) जिथून येतं तिकडचं.

उंदरीण जेमतेम 19-20 दिवस गाभण असते. त्यातल्या साधारण 11 ते 15 या दिवसांत अमिग्डालातल्या बहुतेक चेतापेशी जन्मतात. हे कळतं कसं? गाभण मादीला ठरावीक दिवशी ब्रोमोडीऑक्सियुरिडीन हे खुणेचं रसायन टोचतात. त्या वेळी विभागत असलेल्या पेशी ते डीएनएत घेतात. एम.एस्सी.ला असताना मी अशा मेंदूंचे काप ब्रशने काचेवर चढवलेत (निम्मे गुंडाळले जायचे!). सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी ठिपके दिसले की तो पेशींचा जन्मदाखलाच.

आणि ‘तयार’ म्हणाल, तर जन्मानंतरही अमिग्डालाचं काम बाकीच असतं. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटची (उंदराहून मोठी जात) पिल्लं पहिले नऊएक दिवस शॉकसोबत दिलेला वास टाळायला शिकत नाहीत, उलट त्याच्याकडेच सरकतात. आईला चिकटून राहायच्या वयात ते सोयीचंच म्हणा.