सफरचंदाची तळलेली पेस्ट्री ‘करंजीसारखी’ करू नका

गणपतीच्या दिवसांत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे घराघरांत फळं साचतात आणि त्यात सफरचंदंच जास्त, कारण हिमाचलचा माल त्याच सुमाराला बाजारात असतो. मग एक मेसेज गटागटांतून फिरायला लागतो. तो थोडक्यात असा: ‘सफरचंदाची अमेरिकन पेस्ट्री, अगदी दिवाळीच्या करंजीसारखी! घरातली कुठलीही सफरचंदं किसून घ्या, काळी पडू नयेत म्हणून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा, साखर-दालचिनी घालून चपातीच्या कणकेच्या पारीत भरा. कणकेत खायचा सोडा घातला की खुसखुशीत होते. मंद आचेवर तळा म्हणजे सफरचंद आत शिजतं. तेलात चिमूटभर मीठ टाका, तेल पीत नाही. डब्यात आठ दिवस टिकते.’

दालचिनी सोडली तर यातलं जवळपास काहीच बरोबर नाही, आणि गडबडीची सुरुवात ‘करंजीसारखी’ या शब्दापासून होते. दिवाळीच्या करंजीत सुकं खोबरं, भाजलेला रवा, खसखस, पिठीसाखर असं कोरडं सारण असतं. सफरचंदाच्या गरात शेकडा ८५च्या आसपास पाणी असतं. आपल्याकडे या पेस्ट्रीचं खरं नातं लागतं ते पुरणाच्या कडबूशी. कडबूचं सारण ओलसर, म्हणून पुरण आधी घट्ट आटवून घेतात, कडबू भरला की लगेच तळतात आणि त्याच दिवशी खाऊन संपवतात. पेस्ट्रीलाही साधारण हेच तीन नियम लागू होतात. मेसेजमध्ये पहिला आणि तिसरा मोडलाय, दुसऱ्याबद्दल तो गप्प आहे.

‘सफरचंदं किसून कच्चीच भरा’

सगळ्यात जास्त पेस्ट्र्या इथे बिघडतात. किसलेल्या सफरचंदाला साखर लागली की दहा मिनिटांत ताटलीत रस साठतो, कारण साखर गरातलं पाणी बाहेर ओढते. हा रस पारीच्या तळाला मुरतो, तिथं पारी चिकट होते आणि उचलताना फाटते. फाटली नाही तरी कढईत पुढचा त्रास आहेच. फक्त ५ मिली पाण्याची वाफ झाली, तर तिला ८ लिटरच्या आसपास जागा लागते. ती वाफ पारीतून सावकाश निघू शकत नाही, मग कड उघडते, गोड रस तेलात सांडतो, तेल उडतं आणि रस कढईच्या तळाशी जळून पुढच्या सगळ्या घाण्यांना कडवट वास लावतो. तेल उडून हात भाजतो तो यामुळेच, म्हणून हा मुद्दा निव्वळ चवीचा नाही.

मेसेजमध्ये ‘अमेरिकन’ म्हटलंय म्हणून सांगायला हवं: अमेरिकेच्या दक्षिण भागात अशा तळलेल्या ‘पाय’ (pie, म्हणजे सारण भरलेली पेस्ट्री) करण्याची जुनी रीत आहे आणि तिथे सारणासाठी वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी भिजवून, शिजवून, घोटून घट्ट करून घेत. म्हणजे तिथेही आधी पाणी काढलेलंच फळ वापरलं जायचं.

सारण असं करा. मध्यम आकाराची ४ सफरचंदं, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम, सोलून आणि बिया काढून ४५० ग्रॅमपर्यंत उरतात. किसू नका. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, फार तर ८ मिलिमीटरच्या फोडी करा. किसाचा लगदा होतो आणि तोंडात सफरचंद लागत नाही. पसरट कढईत १ मोठा चमचा तूप, त्यावर फोडी, ७० ग्रॅम साखर, १ मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. मध्यम आचेवर, झाकण न ठेवता ८ ते १० मिनिटं परता. झाकण ठेवलं तर वाफ परत आत पडते आणि आटवण्याचा उद्देशच बुडतो. लिंबू सुरुवातीलाच घालायचं, आंबटपणामुळे फोडी लवकर गळत नाहीत. फोडी मऊ होऊन तळाशी दोन-तीन चमचे पाकासारखा रस उरला की २ लहान चमचे कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे गार पाण्यात कालवून ओता आणि सारखं ढवळत पूर्ण एक मिनिट खदखदू द्या. मिश्रण पांढुरकं दिसतंय तोवर कॉर्नफ्लोअर कच्चं आहे. ते पारदर्शक, चकचकीत झालं की झालं. गॅस बंद करून पाऊण लहान चमचा दालचिनी पूड घाला.

आता परातीत पसरून पूर्ण गार करा. कोमट सारण भरलं तर पारीतलं तूप वितळतं आणि मुरड सुटते. गार झाल्यावर १ मोठा चमचा कोरडा भाजलेला चिरोटी रवा (एकदम बारीक रवा) मिसळा, उरलासुरला ओलावा तो धरून ठेवतो. बरोबर झालेलं सारण चमच्यावर ढीग करून उभं राहतं. चमचा कलता केला आणि ते वाहिलं, तर परत गॅसवर ठेवा. भरायची घाई करू नका.

‘कुठलीही सफरचंदं चालतात’

घरात आलेली बहुतेक रॉयल डेलिशस जातीची असतात. ती गोड, आंबटपणा कमी, आणि आठवडाभर बाहेर राहिली की आतून पिठूळ होतात. पिठूळ फोडींचं शिजवताना पिठलं होतं. दाबून बघा: बोट रुतलं तर ते सफरचंद पेस्ट्रीचं नाही, त्याचा सरळ हलवा करा. कडक असतील ती घ्या. हिरवं आंबट सफरचंद मिळालं तर चारांत एक ते घातल्याने चव खूपच उठते, पण ते महाग पडतं. एरवी लिंबावर भागतं.

‘अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा’

गरजच नाही. चिरलेलं सफरचंद काळवंडतं ते गरातल्या एन्झाइमचा हवेशी संबंध आल्यामुळे, आणि उष्णता लागली की ते एन्झाइम निकामी होतं. शिवाय तुपात परतून, वर दालचिनी पडून सारण तपकिरीच होणार आहे. जे पाणी दहा मिनिटं आटवून काढायचं, तेच अर्धा तास बुडवून वाढवायचं कशाला? चिरल्याबरोबर लिंबाचा रस चोळा.

‘चपातीची कणीक वापरा, सोडा घाला’

कडबूला कणीक चालते, कारण कडबू मऊच खायचा असतो, वर तूप घालून. पेस्ट्री खुसखुशीत हवी. चपातीच्या कणकेत पाणी भरपूर, तूप जवळजवळ नाही आणि मळून मळून ती चिवट केलेली. तिची पारी तेलात पुरीसारखी फुगते आणि वीस मिनिटांत वातड होते. खुसखुशीतपणा येतो तो मोहनातून: तूप पिठाच्या कणांना आधी लपेटतं, म्हणून पाणी घातल्यावर ग्लुटेनचे, म्हणजे पीठ चिवट करणाऱ्या प्रथिनाचे, धागे लांब तयार होत नाहीत.

२५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम चिरोटी रवा (आपल्याकडच्या कुठल्याही किराणा दुकानात हा बारीक रवा मिळतो, उपम्याचा जाड रवा घेऊ नका), अर्धा लहान चमचा मीठ, १ लहान चमचा साखर. त्यावर ५० ग्रॅम कडकडीत तूप. चमच्याने हलवून, हाताला सोसवलं की दोन्ही तळव्यांत पीठ चोळून घ्या. मुठीत दाबल्यावर मुटका वळला आणि बोटाने टोकरल्यावर फुटला, तर मोहन बरोबर. मग ११० ते १२५ मिली गार पाणी, एकदम नाही, थोडं थोडं. पीठ पुरीपेक्षाही घट्ट हवं. एकजीव झालं की थांबा, तिंबत बसू नका. ओल्या फडक्याखाली अर्धा तास. रवा भिजायला तेवढा वेळ लागतोच.

मोहन वाढवून जास्त खुसखुशीत करायचा मोह होतो. ३०० ग्रॅमला ७० ग्रॅमच्या वर तूप गेलं की पारी तेलात सुटायला लागते, कढईत फेस येतो आणि तळाशी पिठाचा चुरा बसतो. कमी पडलं तर पारी दगडासारखी. दोन्हीत निवडायचंच झालं तर थोडं कमी बरं. कडक पेस्ट्री खाता तरी येते.

सोड्याचं म्हणाल तर सोड्याला आंबट जोडीदार लागतो. अमेरिकेत काही जण ताकात भिजवलेल्या पिठाला सोडा घालतात, तिथं तो ताकाशी खर्ची पडतो आणि त्या पाय मऊसरच असतात. मेसेजमधल्या कणकेत आंबट काहीच नाही. मग सोडा पूर्ण खर्ची पडत नाही, साबणासारखी चव देतो, पारी आत कच्ची असतानाच वरून लाल करतो, आणि जाळीदार झालेली पारी तेल जास्त ओढते. मोहन नीट असेल तर सोड्याची जागाच उरत नाही.

भरण्याबद्दल मेसेज गप्प आहे, आणि बऱ्याच पेस्ट्र्या फुटतात त्या तिथेच. एवढ्या पिठाचे १४ गोळे करा, प्रत्येक ३२ ग्रॅमच्या आसपास. पारी ११ सेंटिमीटर व्यासाची, अडीच ते तीन मिलिमीटर जाड. करंजीएवढी पातळ लाटू नका, ओलं सारण पातळ पारीतून पाझरतं. मधोमध २० ते २२ ग्रॅम सारण, म्हणजे भरगच्च नव्हे असा एक मोठा चमचा. कडेला बोटभर जागा कोरडी सोडा. तिथं सारणाचा थेंब जरी लागला तरी कड चिकटत नाही, आणि लागलाच तर फडक्याने पुसून घ्या. १ चमचा मैदा २ चमचे पाण्यात कालवून ती पेस्ट बोटाने कडेला लावा, पारी दुमडा, सारणाच्या बाजूने कडेकडे दाबत आतली हवा काढा आणि मगच कड बंद करा. हाताने मुरड घालता येत असेल तर तीच सगळ्यात भक्कम. साच्याने केली तर कड पातळ कापली जाते आणि तिथेच उघडते, म्हणून साच्यातून काढल्यावर काट्याने पुन्हा दाबा. सगळ्या भरून झाल्या की २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, तूप घट्ट होतं आणि कड बसते. रात्रभर मात्र नको, तळाची पारी ओली होते. आदल्या दिवशीच करून ठेवायच्या असतील तर ताटात सुट्या मांडून फ्रीझरमध्ये कडक गोठवा आणि न वितळवता तळा.

‘मंद आचेवर तळा म्हणजे आत शिजतं’

आत शिजायचं काही शिल्लक ठेवायचंच नाही. कोरड्या सारणाची करंजी मंद आचेवर दहा मिनिटं तळली तरी बिघडत नाही, पण इथे जितका वेळ कढईत, तितकी आतली वाफ वाढते. तेल १७० ते १७५ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसेल तर पिठाची चण्याएवढी गोळी टाका: तळाला जाऊन तीन-चार सेकंदांत वर आली तर ठीक. तळाला बसूनच राहिली तर तेल गार आहे, आणि टाकताक्षणी वर येऊन लाल झाली तर फारच तापलंय. १ लिटर तेलात एका वेळी ३ पेस्ट्र्या, जास्त नाही. चौथी टाकली की तेल थंडावतं. सोडल्यावर झाऱ्याने वरून तेल उडवा, मिनिटाभराने उलटा, एकूण ४ ते ५ मिनिटं. गोठवलेल्या असतील तर आच थोडी कमी, वेळ २ मिनिटं जास्त. बुडबुडे अचानक मोठे आणि आवाजाचे झाले तर कड उघडली समजा. ती पेस्ट्री लगेच बाहेर काढा, नाहीतर सगळा घाणा वाया.

‘तेलात मीठ टाकलं की तेल पीत नाही’

मीठ तेलात विरघळत नाही. तळाशी जाऊन बसतं, आणि पेस्ट्री वर तरंगत असते. तेल किती ओढलं जाणार हे पारीतलं पाणी, तेलाचं तापमान आणि बाहेर काढल्यानंतरची पहिली दोन मिनिटं यांवर ठरतं. शेवटची गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. पेस्ट्री कढईत असेपर्यंत बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. ती बाहेर काढून गार व्हायला लागली की आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत खेचलं जातं. म्हणून झाऱ्यावर धरून तेल पूर्ण निथळू द्या, लगेच कागदाने टिपा आणि जाळीवर उभ्या ठेवा. कागदावर एकावर एक रचल्या तर खालच्या तेलात बसतात आणि वाफेने मऊही पडतात.

साखर लावायची तर ५० ग्रॅम बारीक साखरेत १ लहान चमचा दालचिनी मिसळून पेस्ट्री गरम असतानाच घोळवा. पिठीसाखर मात्र गार झाल्यावर, नाहीतर तिचा पाक होतो. मुलांना द्यायच्या आधी पंधरा मिनिटं थांबा. वरची पारी गार लागते तेव्हाही आतला पाक जीभ पोळण्याइतका गरम असतो.

‘डब्यात आठ दिवस टिकते’

मेसेजमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हे आहे. दिवाळीची करंजी टिकते कारण तिच्यात पाणी जवळजवळ नसतं. शिजवलेल्या फळाचं ओलं सारण बंद डब्यात, भाद्रपदाच्या दमट हवेत ठेवलं तर आंबतं, बुरशी धरते, आणि पारीआड असल्याने बाहेरून दिसतही नाही. बाहेर ठेवायची तर त्याच दिवशी संपवा. उरल्या तर पूर्ण गार करून फ्रिजमध्ये दोन दिवस. कुरकुरीतपणा तर त्याहून आधीच जातो: खानापूरच्या पावसाळी हवेत दोन तासांत पारी नरमते, अथणीकडच्या कोरड्या हवेत थोडी जास्त तग धरते. नरमलेली पेस्ट्री पुन्हा तळू नका, मायक्रोवेव्हमध्येही नको. ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर ५ ते ६ मिनिटं ठेवली की पारी परत कुरकुरीत होते. दोन्ही नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं.