बेडरूमच्या वॉर्डरोबबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. दोन तारे पाहून वाईट वाटलंच, पण त्याहून लागलं ते "आमचं काही ऐकलं नाही, स्वतःला हवं तेच केलं" हे वाक्य. तुमच्या तक्रारी अशा: कपाटाची खोली १८ इंच सांगितली होती ती आम्ही २४ केली आणि बेडरूमची जागा खाल्ली, सरकती दारं हवी होती, तिथे बिजागरीची लावली, चार फुटी कप्पे मधोमध उभी फळी घालून तोडले, भिंतीलगत पट्टी मारून माप चुकल्याचं झाकलं, फरशी पूर्ण होईपर्यंत काम अडवलं, पहिल्याच भेटीत कपड्यांची चौकशी केली, आणि आतून अजून वास येतो. यातला प्रत्येक निर्णय आराखड्यावर तुमच्या सहीआधी आपण बोललो होतो. पण कामाच्या गडबडीत त्यामागचं कारण लक्षात राहत नाही, हेही मला कळतं. म्हणून इथे सगळं नीट लिहितो.

आधी कपाटाची खोली, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच उभं आहे. मोठ्या माणसांच्या कपड्यांचा हँगर १७ ते १८ इंच रुंद असतो. त्यावर शर्ट किंवा कोट चढला की बाह्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात आणि मोकळी जागा २० ते २१ इंच लागते. कपडा दाराला किंवा मागच्या फळीला घासू नये म्हणून आतून २२ इंच धरायचे. त्यात पुढचं शटर, म्हणजे दार, आणि मागची फळी मिळवली की बाहेरून २४ होतात. बाहेरून १८ इंच ठेवले असते तर आत जेमतेम १६ उरले असते, म्हणजे रिकामा हँगरसुद्धा आडवा बसला नसता. तेवढ्यात कपडे टांगायचे तर पुढे ओढून घ्यायची रॉड लावावी लागते. तिच्यावर कपडे एकामागे एक, तोंड आपल्याकडे करून लटकतात, आणि तेवढ्याच रुंदीत बरेच कमी मावतात. फक्त घड्या ठेवायच्या असत्या तर १८ इंचांचं कपाट मी आनंदाने केलं असतं, किंबहुना तेच सुचवलं असतं, कारण घडीच्या कप्प्याला १६ इंच पुरतात आणि मागे काही हरवत नाही. तुमच्या यादीत मात्र टांगायचे कपडे जास्त होते.

आता त्या यादीबद्दल. "घरात येऊन कपड्यांची चौकशी करतात" असं तुम्ही लिहिलंय. मला तुमचे कपडे मोजायचे नव्हते, त्यांची लांबी हवी होती. शर्ट, कुर्ते, घडी घालून टांगलेल्या पँट यांना रॉडखाली साधारण ४० इंच पुरतात. पायघोळ कपड्यांना आणि लांब कोटांना ६० इंच लागतात. हे आधी कळलं नाही तर एकाच उंचीची रॉड सगळीकडे लागते आणि शर्टांच्या खाली दीड फूट जागा रिकामी राहते. पुढे त्या जागेत पिशव्या आणि खोके जाऊन बसतात. तुमच्याकडे लांब कपडे थोडे निघाले, म्हणून त्यांच्यासाठी एकच उभा भाग ठेवून बाकी रुंदीत एकावर एक दोन रॉड घेता आल्या. उद्या एखादा कपाटवाला कपड्यांबद्दल न विचारता थेट शटरचे रंग दाखवायला लागला, तर मी त्याला काम देणार नाही.

सरकत्या दारांचा तुमचा आग्रह मला आठवतो, आणि तो चुकीचा नव्हता. पलंग आणि कपाट यांमध्ये दोन फुटांहून कमी जागा उरत असती तर मीच बिजागरीला नाही म्हटलं असतं. तुमच्याकडे पलंगाच्या कडेपासून तीन फूट उरतात. शटर दीड फुटांचं आहे, ते उघडून माणूस समोर उभा राहू शकतो. सरकत्या दारांना एकामागे एक अशा दोन पटऱ्या लागतात, त्या ३ ते ४ इंच खोली खातात. म्हणजे आत तेच २२ इंच ठेवायचे तर कपाट २४ चं २७ पर्यंत गेलं असतं. जागा वाचवायला म्हणून घेतलेली दारं जमिनीवर जास्त जागा अडवतात, हे आराखड्यावर सहज लक्षात येत नाही. शिवाय दोन दारांत एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे शोधत असेल तर एकाला थांबावं लागतं. आणि ड्रॉवर! तो २० इंच खोल असेल तर समोर २० इंच मोकळे लागणारच, दार सरकतं असो वा बिजागरीचं.

कप्प्यातली उभी फळी तुम्हाला खुपते, कारण तुम्हाला मोठ्या चादरी आडव्या ठेवायच्या होत्या. सलग चार फूट दिसायला छान वाटतं, मान्य. पण फळीवर सारखं वजन पसरलेलं असताना लांबी दुप्पट केली तर ती सोळा पट वाकते. हा बांधकामातल्या तुळईला लागू असलेलाच नियम आहे, लाकडाच्या जातीचा त्यात दोष नाही. उलट बाजूने पाहा: चार फुटी फळीला मधोमध आधार दिला की झोक सोळाव्या हिश्शाहूनही कमी होतो. तुम्ही विचारलं होतं की जाड फळी का नाही घेतली. १८ मिलिमीटरच्या जागी २५ घेतली तर ताठपणा अडीच पटीहून थोडा जास्त वाढतो, आधाराच्या तुलनेत काहीच नाही. घडी घातलेले कपडे हलके वाटतात, पण चादरी, पांघरुणं, जीन्स यांचा थर लागला की वजन बरंच होतं, आणि फळी एका दिवसात वाकत नाही. महिनोन्महिने ओझं राहिलं की हळूहळू झोक घेते आणि ओझं काढलं तरी पूर्ण सरळ होत नाही. चादरींसाठी वरचा लॉफ्ट सलग ठेवलाय, त्याला खालच्या उभ्या फळ्यांचाच आधार मिळतो.

भिंतीलगतच्या पट्टीवर तुम्ही फोटोसकट लिहिलंय, आणि जे इतर लोक हे वाचतील त्यांना तो फोटो पाहून वाटेल की कपाट छोटं पडलं. तुमची ती भिंत ओळंब्यात, म्हणजे उभी सरळ, नाही. वरून खाली पाच सुतांचा फरक आहे (आठ सूत म्हणजे एक इंच). माप घेताना ओळंबा लावून तुम्हाला दाखवला होता. भिंत कुठेच शंभर टक्के सरळ नसते, त्यामुळे कपाट काटकोनात करायचं आणि भिंतीची वाकडी रेघ पट्टीवर उतरवून, तासून बसवायची, ही रीत आहे. कपाट भिंतीला चिकटवून वाकडं केलं असतं तर शटर आपोआप उघडली असती आणि ड्रॉवर अडकले असते. पट्टीचं दुसरंही काम आहे. भिंतीकडचं शटर हँडलसह पूर्ण उघडायला जागा लागते. ते अर्धवट उघडलं की आतला ड्रॉवर बाहेर येताना शटरलाच आपटतो. तुमचे ड्रॉवर मोकळे येतात ते त्या पट्टीमुळे. रंगाचा फरक डोळ्यांत येत असेल तर पट्टीवर शटरचंच लॅमिनेट लावता येईल, तसं कळवा.

फरशीसाठी थांबण्याबद्दल फार लिहीत नाही. फरशी आणि खालचा मसाला मिळून दोन इंच चढतात, आणि छतापर्यंतच्या कपाटात दोन इंच कुठून आणायचे? स्कर्टिंगही कपाटाच्या जागेतून आधी वगळावं लागतं.

वासाचा मुद्दा मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो. बोर्ड आणि प्लाय चिकटवणाऱ्या रेझिनमधून फॉर्माल्डिहाइड वायू निघतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. म्हणून आम्ही ई-वन दर्जाचाच, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, बोर्ड वापरतो आणि न दिसणाऱ्या कडांनाही, मागच्या आणि तळाच्यासुद्धा, एज बँडिंग करतो, म्हणजे पट्टी चिकटवून त्या बंद करतो, कारण वायू सर्वांत जास्त कापलेल्या कडेतून सुटतो. मात्र वास आला की तो फॉर्माल्डिहाइडच असेल असं नाही. लॅमिनेट चिकटवण्याच्या द्रवातला विद्रावकही काही आठवडे जाणवतो. दोन्हींवर उपाय एकच, हवा. दिवसा शटर आणि ड्रॉवर उघडे, खिडकी उघडी. उष्णता आणि दमटपणा वाढला की वायूही जास्त सुटतो, म्हणून बंद खोलीत कपाट भरून टाकू नका. डोळे चुरचुरत असतील तर कपडे बाहेर काढा आणि मला लगेच सांगा, मी स्वतः येऊन पाहतो.

त्याच भेटीत शटरही एकदा जुळवून घेऊ. सात फुटी शटरला चार बिजागऱ्या आहेत, कपडे भरल्यावर कपाट थोडं बसतं आणि फटी कमीजास्त होतात. स्क्रू फिरवून ते तिन्ही दिशांना सरळ करता येतं. याचे पैसे नाहीत.

शेवटी तुम्ही लिहिलंय की मुलांच्या बेडरूमचं काम आता दुसऱ्याला देणार. तो तुमचा हक्क आहे. ज्याला द्याल त्याच्याकडून एवढं करून घ्या: आराखडा कागदावर पास करण्याआधी जमिनीवर चिकटपट्टीने कपाटाची बाह्यरेषा आखा, समोर उघड्या शटरची आणि ओढलेल्या ड्रॉवरची रेषाही आखा, आणि दोन दिवस त्या खोलीत वावरा. स्विचबोर्ड, एसीची पाइपलाइन, भिंतीतली नळाची लाइन कपाटामागे जाते का ते बघा. ती भिंत बाहेरची असेल तर मागे इंचभर फट आणि खाली-वर हवेला वाट ठेवायला सांगा, नाहीतर ओल धरते. मुलांचे कपडे आखूड असतात आणि मुलं भराभर वाढतात, तेव्हा रॉड पक्की ठोकू देऊ नका. बाजूच्या फळ्यांवर ३२ मिलिमीटर अंतराने भोकांची रांग मारून घ्या. आज रॉड मुलाच्या हाताला येईल इतकी खाली लागेल, आणि पुढे एकेक भोक वर सरकवता येईल.