पंख खोडा, खुर्ची काढा

सकाळपासून एकच कार्ड तीन ग्रुपांवर येऊन पडलंय. हसरे वृद्ध गृहस्थ, डोक्यामागे सोनेरी वलय, खांद्यांना चक्क पंख. खाली मजकूर: जेम्स हॅरिसन, ऑस्ट्रेलियाचे देवदूत, अंगात जादुई रक्त, 24 लाख बाळांना स्वतःचं रक्त देऊन वाचवलं. मग हात जोडलेल्यांची रांग. भावना पोचली. पण मंडळी, दोन ओळींत किती चुका कराव्यात?

हॅरिसन 17 फेब्रुवारी 2025 ला गेले. वय 88, न्यू साउथ वेल्समधल्या एका वृद्धाश्रमात, झोपेतच. पेशाने रेल्वेतले कारकून. मागे मुलगी, नातू, पतवंडं. आणि 1173 वेळा रक्त आणि प्लाझ्मा, म्हणजे पेशी वगळून उरलेला रक्ताचा द्रव, दिल्याची नोंद.

त्या 1173 वेळांपैकी एकदाही त्यांनी सुई आत जाताना बघितली नाही. छताकडे बघायचे, नर्सशी चार शब्द बोलायचे, पण हाताकडे नजर नाही. रक्त बघवत नाही, दुखणं सोसवत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आता या माणसाला पंख लावून तुम्ही नेमकं काय मिळवलंत?

ज्यांनी कधी खुर्चीत बसून दिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, ही सुई दंडावर इंजेक्शन घेतो तसली नाजूक नसते. दंडाची साधारण 23 गेजची, ही 16 किंवा 17. गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड. जाड ठेवावीच लागते, कारण बारीक नळीतून जोरात ओढलं तर तांबड्या पेशी वाटेतच फुटतात आणि धारही धड लागत नाही. बरं, शीर दर वेळी नवी कुठून आणणार? कोपराच्या खळगीतली ठरलेली एक-दोन. पुन्हा पुन्हा तिथेच टोचून कातडी घट्ट होते, वण धरते. हॅरिसन यांचं जवळजवळ सगळं दान उजव्या हातातून झालं. एकाच हातात, शेकडो वेळा, आणि मान दर वेळी फिरवलेली.

मान फिरवणं हा भित्रेपणा नव्हे, ती चांगली युक्ती आहे. सुई किंवा रक्त बघून काहींची नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांनी आधी अर्धा लीटर पाणी प्यावं, नजर दुसरीकडे ठेवावी, पायाची अढी घालून मांड्या-पोटऱ्या आवळाव्यात आणि सोडाव्यात. झाल्यावर ताडकन उठू नये. एवढ्याने बरेच जण निभावतात.

तर जादुई रक्त. 1951 मध्ये, चौदाव्या वर्षी, हॅरिसन यांच्या छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली, एक फुप्फुस काढावं लागलं. त्यात त्यांना 13 युनिट रक्त चढलं, सगळं अनोळखी माणसांचं. वडिलांनी हे सांगितलं तेव्हा पोराने ठरवलं की आपणही द्यायचं. पण वयाची अट 18. मग ती पुरी होईपर्यंत थांबून 1954 मध्ये सुरुवात. जादू बहुधा त्या 13 बाटल्यांतच घडली असावी. ते स्वतः आर-एच निगेटिव्ह, म्हणजे तांबड्या पेशींवर डी नावाचा घटक नसलेले. चढलेल्या रक्तात डी हा घटक असला की निगेटिव्ह माणसाचं शरीर त्याला परका समजून त्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे त्याच्याशी लढणारं प्रथिन, बनवतं. अशी अँटिबॉडी अनेकांत बनते. त्यांच्यात ती भरपूर होती आणि टिकून राहिली, एवढाच काय तो निसर्गाचा भाग.

आता गंमत बघा. हीच अँटिबॉडी बाळांना मारते. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळाच्या थोड्या तांबड्या पेशी, विशेषतः बाळंतपणात, आईच्या रक्तात शिरतात. आईचं शरीर त्यांच्याशी लढायला शिकतं. पहिलं बाळ सहसा सुखरूप सुटतं. पुढच्या खेपेला शिकून तयार झालेली अँटिबॉडी वार ओलांडून पोटातल्या बाळाच्या पेशी फोडायला लागते. रक्त उतरतं, अंगावर पाणी चढतं, जन्मल्यावर जहाल कावीळ, ती मेंदूत शिरली तर कायमचं नुकसान. 1963 मध्ये न्यूझीलंडमध्ये विल्यम लायली यांनी पोटातल्या बाळालाच रक्त देऊन दाखवलं. ते अफाट काम होतं, पण आग लागल्यावर बंब बोलावण्यातलं. आग लागूच नये, ही सोय यायची होती.

ती अशी आली. बाहेरून तयार अँटी-डी, म्हणजे हीच डीविरुद्धची अँटिबॉडी, थोड्या प्रमाणात आईला टोचायची. ती बाळाच्या भटक्या पेशी उचलून बाजूला करते आणि आईच्या शरीराला शिकायची वेळच येत नाही. शिकवणीच्या आधी वर्ग रिकामा! लिव्हरपूल आणि न्यूयॉर्क इथल्या डॉक्टरांनी साठच्या दशकात हे सिद्ध केलं, ऑस्ट्रेलियात 1967 पासून देणं सुरू झालं. तिथे आज गरजू बाईला 28 आणि 34 व्या आठवड्यात 625 आययूचं (आययू हे औषध मोजायचं एकक) एकेक इंजेक्शन देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत आणखी एक. दोनदा का, तर टोचलेली अँटिबॉडी दर तीनेक आठवड्यांत निम्मी होते. 625 चा डोस बाळाच्या सुमारे 6 मिली तांबड्या पेशींना पुरतो. जास्त शिरल्याची शंका असली तर आईचं रक्त तपासून डोस वाढवावा लागतो, आणि चूक होते ती इथेच, तपासणी राहून जाते. 72 तास उलटले तरी 10 दिवसांपर्यंत देतात, थोडाफार उपयोग होतो. मात्र आईच्या अंगात तिची स्वतःची अँटी-डी एकदा तयार झाली की हे इंजेक्शन पाण्यासारखं. आणि प्रत्येक गरोदरपणात पुन्हा घ्यायचं, आधी घेतलं होतं म्हणून सुटका नाही.

म्हणजे बाळांना त्यांचं रक्त कधी दिलंच गेलं नाही, कळलं का? इंजेक्शन मिळालं आयांना, तेही प्लाझ्मापासून बनलेलं. अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून, त्यातून अँटिबॉडी वेगळी काढून कुप्या भरतात. 24 लाख हा अंदाज आहे आणि त्यात इतर दात्यांचाही वाटा आहे, हे मान्य करते. पुढे.

प्लाझ्मा देणं म्हणजे काय, हे कार्ड बनवणाऱ्याला माहीत असतं तर त्याने पंखांच्या जागी खुर्ची काढली असती. एकाच सुईतून रक्त यंत्रात येतं, वाडगं गरागरा फिरतं, जड पेशी बाजूला होतात, पिवळसर प्लाझ्मा पिशवीत पडतो आणि पेशी त्याच सुईतून परत अंगात. पुन्हा ओढ, पुन्हा परत, असे बरेच फेरे. सुई पाऊण तासभर हातात, नोंदणीपासून उठेपर्यंत दीड तास. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट परत येताना शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं, मग ओठांना मुंग्या येतात, तोंडात धातूसारखी चव येते, थंडी वाजते. त्यावर कॅल्शियमची गोळी आणि यंत्राचा वेग कमी करणं. सुई जरा सरकली तर परत येणारं रक्त शिरेबाहेर झिरपतं आणि कोपर आठवडाभर काळंनिळं. आणि सुरुवातीच्या काळात हे यंत्रही नव्हतं, पिशवी काढून वेगळी फिरवायची आणि पेशी हाताने परत चढवायच्या.

हिशेब करा. नुसतं रक्त दिलं असतं तर तिथे 12 आठवड्यांचं अंतर, वर्षाला चार, 64 वर्षांत अडीचशेच्या आसपास. प्लाझ्मा भरून यायला दिवस-दोन दिवस पुरतात, म्हणून दर दोन आठवड्यांनी देता येतो. 64 वर्षांत 1173 म्हणजे सरासरी दर वीस दिवसांनी एक. दर वेळचा दीड तास धरला तर रात्रंदिवस सलग 73 दिवस त्या खुर्चीत. ज्याला सुई बघवत नाही असा माणूस! शिवाय या कार्यक्रमातल्या दात्यांची अँटिबॉडी उतरायला लागली की ती पुन्हा चढावी म्हणून त्यांना पॉझिटिव्ह तांबड्या पेशींचा लहानसा डोस टोचतात. म्हणजे देण्यासाठी सुई आणि देता यावं म्हणूनही सुई.

देवदूत म्हटलं की आपली सुटका होते, हे खरं दुखणं आहे. तो काय, अवतारी पुरुष, आपल्याला कसं जमणार. जोडा हात आणि ढकला पुढे. या कार्डामुळे चार माणसं रक्तपेढीची पायरी चढत असतील तर चढोत बापडी, माझी ना नाही. पण सगळ्या ऑस्ट्रेलियात अँटी-डी देणारे दाते दोनशेही नाहीत, आणि तिथल्या दर शंभर गरोदर बायकांत सतराजणींना हे इंजेक्शन लागतं. ती दोनशे माणसं कुठल्या कार्डावर आहेत? हॅरिसन आणि इतर दात्यांच्या पेशी घेऊन ही अँटिबॉडी प्रयोगशाळेत बनवायचं काम मेलबर्नमध्ये चालू आहे. त्याला नाव दिलंय 'जेम्स इन अ जार', बरणीतला जेम्स. ते जमेपर्यंत कुणीतरी बाही वर करून बसायला हवंच.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण घरची बाजू आठवली. त्यांची बायकोही रक्तदान करायची. ती गेली त्या वाईट दिवसांतही त्यांनी देणं थांबवलं नाही. मुलीला तिच्या बाळंतपणात अँटी-डी लागलं, पुढे नातसुनेलाही. वडील गेल्यावर मुलगी म्हणाली ते साधारण असं, की बाबा देत नसते तर आमचं हे कुटुंब कदाचित नसतंच. कुटुंबवत्सल म्हणजे काय, हे आपण ढोबळ बोलतो ना? इथे नातवाच्या घरचा पाळणा आणि आजोबांची खुर्ची यांच्यामध्ये एक कुपी आहे, बस्स. अर्थात त्या कुपीत नेमका कुणाचा थेंब, ते सांगता येत नाही. सगळ्यांचं एकत्रच असतं. त्यांनी तरी कुठे विचारलं होतं.

शेवटचं दान 11 मे 2018, सिडनीत. वय 81, तिथल्या वयोमर्यादेचं टोक. परवानगी असती तर देत राहिलो असतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी खुर्चीवर चंदेरी फुगे तरंगत होते, 1, 1, 7, 3. भोवती आया, त्यांच्या मांडीवर तान्ही बाळं. फोटो शोधा, सहज सापडेल, पंखवाल्या कार्डाऐवजी तो पाठवा. बाही वर, हात टेकलेला, नळीत पिवळा प्लाझ्मा. सुई टोचताना ते कुठे बघत असतील, ते आता मी सांगायला नको.