ए पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

यूपीएसच्या बॅटऱ्या तपासायला आलेल्या माणसाने माझ्या सर्व्हरचं निदान केलं. काल संध्याकाळची गोष्ट, अजून पचलेली नाही.

मामला थोडक्यात सांगतो. मुलं सरावाच्या गणितांची उत्तरं टाइप करतात आणि ती बरोबर की चूक हे मागे बसलेलं मॅक्सिमा, म्हणजे अक्षरांची गणितं सोडवणारं एक फुकट सॉफ्टवेअर, ठरवतं. एखाद्याने 'एक्स अधिक एक'चा वर्ग तसाच ठेवला काय किंवा कंस सोडवून लिहिला काय, दोन्ही एकच हे त्याला कळतं. आमचा प्रोग्रॅम पाइपमधून (दोन प्रोग्रॅमना जोडणारी मजकुराची नळी) गणित पाठवतो आणि पाइपमधूनच उत्तर घेतो. काल पाच वाजता उत्तरं थांबली. प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य टक्के, मेमरी ठणठणीत, सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचा हिरवा ठिपका 'ॲक्टिव्ह, रनिंग' म्हणतोय. दोनदा रीस्टार्ट केलं, दोनदा दोन मिनिटांनी तेच. मी नेटवर्क तपासलं, डिस्क तपासली, फायरवॉलला शिव्या घातल्या.

मागे मल्टिमीटर घेऊन उकिडवा बसलेला माणूस म्हणाला, "सर, ते काहीतरी विचारतंय."

"कोण?"

"ते काय, त्या खिडकीत. शेवटी प्रश्नचिन्ह आहे ना."

लॉगची, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींची, खिडकी मी उघडून ठेवली होती, बघत मात्र होतो आलेखांकडे. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा आली होती. तो उठून जवळ आला आणि बसची पाटी वाचावी तशी त्याने ती मोठ्याने वाचली. "इज ए पॉझिटिव्ह, निगेटिव्ह ऑर झीरो. रक्तगट विचारतंय."

"अहो, रक्तगट कसला? गणित आहे ते."

"ए पॉझिटिव्ह, ए निगेटिव्ह. आणि झीरो म्हणजे ओ असणार. छापताना चुकलं असेल." मग जरा काळजीने, "तुमचा विचारतंय का?"

"माझा नाही हो. ए ही एक संख्या आहे. अज्ञात."

"म्हणजे कोण आहे तेच माहीत नाही?"

"नाही."

"मग त्याचा गट कोण सांगणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मॅक्सिमाचंही नेमकं तेच म्हणणं होतं. कुणीतरी ई चा घात उणे ए गुणिले एक्स-वर्ग याचं शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रेशन मागितलं होतं. ए धन असेल तर उत्तर पाय भागिले ए याच्या वर्गमुळाच्या निम्मं. ए शून्य किंवा ऋण असेल तर उत्तर अनंतात जातं. तेव्हा विचारणं रास्तच. पण विचारतोयस कुणाला? पाइपच्या दुसऱ्या टोकाला माणूस नाही, प्रोग्रॅम आहे, आणि तो बिचारा 'उत्तर येईल' म्हणून तोंड उघडं टाकून बसलाय.

दोष मॅक्सिमाच्या वयाचा. त्याचा मूळपुरुष मॅक्सिमा नव्हे, मॅकसिमा. तो १९६८ पासून अमेरिकेतल्या एमआयटीत लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला गेला. विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून त्याची एक आवृत्ती सांभाळली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळवली. त्या काळात यंत्रासमोर खुर्ची असे आणि खुर्चीत गणिती. प्रश्न विचारणं हा पाहुणचार होता. त्या जुन्या यजमानाला आपण माजघरात कोंडलंय आणि वर तक्रार, की हा बोलतो का!

"झीरो टाकून बघा," बॅटरीवाले म्हणाले. "झीरोने कुणाचं वाईट होत नाही."

इथे होतं. झीरो टाकला की मॅक्सिमा 'इंटिग्रल इज डायव्हर्जंट' म्हणून मोकळं होतं आणि पोराचं बरोबर उत्तर चूक ठरतं. मी काहीच बोललो नाही. लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रोसेसचं एक फोल्डर 'प्रॉक'मध्ये असतं. त्यातल्या 'एफडी'मधली शून्य क्रमांकाची फाइल म्हणजे तिचा स्टँडर्ड इनपुट, शब्द आत घ्यायचं तोंड. तो पाइप असेल तर 'इको' या आज्ञेने बाहेरून त्यात शब्द ढकलता येतो. (इनपुट टर्मिनल असेल तर ही युक्ती चालत नाही, शब्द पडद्यावर उमटतो आणि आत काहीच जात नाही.) मी 'पॉझिटिव्ह' ढकललं. सामसूम.

"ऐकलं नाही वाटतं."

मी अर्धविराम विसरलो होतो. मॅक्सिमाला वाक्य संपलं हे अर्धविराम किंवा डॉलरच्या चिन्हाशिवाय कळत नाही, तोवर ते 'हं, पुढे?' करत थांबतं. शाळेत आयुष्यभर पूर्णविरामासाठी मार्क कापून घेतले आणि नोकरीत अर्धविरामाने कापले. नुसता अर्धविराम पाठवला, आणि उत्तर आलं. पाठोपाठ पुढच्या मुलाचं तेच गणित आलं आणि तोच प्रश्न.

"परत रक्तगट," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. बॅटऱ्यांना घाई नव्हती.

सगळ्यात संतापजनक भाग असा. उत्तराची वाट बघायची वेळ संपली की आमचा प्रोग्रॅम पुढच्या मुलाचं गणित त्याच पाइपमध्ये टाकत होता. मॅक्सिमा ते गणित आपल्या प्रश्नाचं उत्तर समजून गिळत होतं. उत्तर पटत नसल्यामुळे पुन्हा तोच प्रश्न विचारत होतं. वर्गातली मुलं एकेक करून अशी पोटात गेली.

उपाय आहेत, आणि प्रत्येकाला शेपूट आहे. आधीच मॅक्सिमाच्या 'अझ्यूम' या आज्ञेने ए शून्याहून मोठा असं सांगून ठेवता येतं, पण तीच प्रोसेस पुढच्या मुलासाठी वापरली की त्याचाही ए फुकटात धन होतो. 'किल ऑल'ने गृहीतकं पुसली जातात, पण बदललेल्या सेटिंगसाठी वेगळं 'रीसेट' लागतं. 'अझ्यूम-पॉस' चालू केलं की ज्याचं चिन्ह ठरवता येत नाही ते सगळं धन, म्हणजे खोटं बोलून सुटका. शहाणपणाचं एकच: एका गणिताला एक प्रोसेस. उत्तराच्या शेवटी आपलीच एखादी विचित्र खूण छापून घ्यायची आणि ती दिसेपर्यंत वाचायचं. दहा सेकंदांत दिसली नाही तर प्रोसेस मारायची, 'टर्म' या विनंतीच्या सिग्नलने ऐकलं नाही तर 'किल' या सक्तीच्या सिग्नलने. दर वेळी लिस्प उठवायला वेळ लागतो म्हणून सगळं आधीच भरलेल्या मॅक्सिमाची तयार प्रत (इमेज) साठवून ठेवतात. आधीच उठवून ठेवलेल्या प्रोसेसचा साठा सांभाळणारी साधनंही आहेत.

मरतानाही हे सरळ मरत नाही. कुणी दहाचा दहावा घात दहाच्या डोक्यावर बसवला की मेमरी संपू शकते, आणि मग मॅक्सिमाच्या खालचं एसबीसीएल नावाचं लिस्प जाहीर करतं, 'हीप एक्झॉस्टेड, गेम ओव्हर'. खेळ संपला म्हणायचं आणि उठून जायचं नाही: 'वेलकम टू एलडीबी' म्हणत डीबगर (चुका शोधायचं साधन) उघडून ते पुन्हा इनपुटची वाट बघत बसतं. मुडदा बसलेला, ठिपका हिरवा. सुरू करतानाच 'डिसेबल-एलडीबी' सांगावं लागतं.

शिवाय मॅक्सिमात 'सिस्टिम' नावाचं फंक्शन आहे, ते शेलला, म्हणजे थेट सर्व्हरला, आज्ञा देतं. उत्तराच्या चौकटीत मुलाने काय लिहिलं हे न चाळता आत पाठवणं म्हणजे तिजोरीची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणं. पायथागोरस न येणाऱ्यालाही हे येतं.

याच्यावर वरून विचारणा: फुकटचं सॉफ्टवेअर आहे ना, मग ते बसवायला दोन आठवडे कसले? कसले म्हणजे! उत्तरातले घातांक ते वरच्या ओळीत, माळ्यावर ठेवल्यासारखे छापतं, म्हणून 'डिस्प्ले-टू-डी' बंद करा. सिस्टिमडीखाली थेट चालवलं तर इनपुट मुळातच रिकामा, म्हणून ते जन्मतःच निरोप घेतं. 'रीस्टार्ट ऑलवेज' असेल तर दहा सेकंदांत पाच जन्म होतात आणि मग सिस्टिमडीच हात जोडतं. चुकांच्या संदेशांचा वेगळा पाइप वाचायला विसरलात तर त्यात ६४ किलोबाइट भरले की प्रोग्रॅम आणि मॅक्सिमा दोघंही 'तू आधी' म्हणत थिजतात. आणि 'सर्व्हर' नावाचा पर्याय दिला की मॅक्सिमा सर्व्हर होत नाही, दुसऱ्याच्या सर्व्हरला ग्राहक म्हणून जाऊन मिळतं. हे कुणी कुठे लिहून द्यायचं?

सात वाजता सगळं सुरळीत झालं. बॅटरीवाल्यांनी कार्बन घातलेलं सर्व्हिस रिपोर्टचं पुस्तक पुढे केलं. 'केलेले काम' या रकान्यात होतं: 'बॅटऱ्या तपासल्या, ८ नग. सर्व्हर बंद होता, तो चालू करून दिला.'

"इथे सही, सर. आणि शिक्का."

शिक्का मारला. तिन्ही प्रतींवर.