प्रकृतीच्या जपणुकीसाठी

गेल्या रविवारी दुपारी माझ्याच ओसरीवर, माझ्याच खुर्चीत बसून मिरचीची बिअर पिताना मला ठसका लागला. गोष्ट एवढीच आहे, आणि ती एवढीच राहिली असती तर मी लेखणी हातात घेतली नसती. परंतु आज पाचवा दिवस आहे, आणि काल मी पाव किलो तिखट आणायला गेलो तेव्हा किराणा दुकानदाराने, जो सातवीत माझ्या वर्गात अनेकदा अंगठे धरून उभा राहिलेला आहे, अत्यंत आदराने विचारले, ‘‘गुर्जी, फिक्कं देऊ काय?’’ भिवापूर तालुक्यात जन्मलेल्या, सावजी रश्श्यावरची तर्री भाकरीने टिपून खाणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे कोकणातल्या माणसाला ‘नारळ चालतो ना?’ असे विचारण्यासारखे आहे.

बिअर माझ्या पुतण्याने आणली होती. तो अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात नोकरी करतो आणि आठ दिवसांच्या सुट्टीवर येताना त्याने दोन बाटल्या लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून आणल्या होत्या. ‘‘काका, तुम्ही विदर्भातले. तुमच्या जिभेचं मत मला हवंय,’’ असे तो म्हणाला, आणि मी फसलो. माणसाच्या बुद्धीची स्तुती केली तर तो सावध होतो. जिभेची केली तर तोंड उघडतो.

बाटलीवर लाल मिरचीचे चित्र होते. खाली लिहिलेले मी मोठ्याने वाचले, ‘‘जलापेनो.’’ पुतण्याने दुरुस्त केले, ‘‘ज नाही काका, ह. हालापेन्यो.’’ ज्याला मी बाराखडी शिकवली त्याने मला ‘ज’चा उच्चार शिकवावा, ही त्या दुपारची पहिली ठिणगी होती. हीच मिरची वेलीवर, म्हणजे झाडावर, पिकून लाल झाली की तिला लाकडाच्या धुरावर वाळवतात, आणि मग तिला चिपोटले म्हणतात. तिचा गर इतका जाड असतो की ती नुसत्या उन्हात नीट वाळत नाही, सडते, म्हणून धूर. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत ‘चिल’ म्हणजे मिरची आणि ‘पोक्त्ली’ म्हणजे धूर. तो सांगत होता, मी मान डोलावत होतो. बाटली ओल्या गोणपाटात ठेवून थंड केली होती. घरात काचेचे दोनच पेले शिल्लक होते, आणि त्यांतल्या एकावर आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे बोधचिन्ह होते. तो नेमका माझ्या वाट्याला आला.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. मी बेकायदेशीर काही केलेले नाही. आपल्या राज्यात 1949चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि दारू पिण्यासाठी परवाना लागतो; तो मी निवृत्तीनंतर रीतसर काढलेला आहे. हा परवाना, वाचकहो, प्रकृतीच्या जपणुकीसाठी दिला जातो. कायद्याची भाषाच तशी आहे. म्हणजे गावातला जो मनुष्य सायंकाळी भिंत धरून घरी जातो, तो शासनाच्या दृष्टीने आपली प्रकृती जपत असतो. माझे गाव वर्धा किंवा गडचिरोली जिल्ह्यात असते तर तेथील दारूबंदीमुळे त्या बाटल्या पोलीस ठाण्यात गेल्या असत्या आणि माझी अब्रू घरी राहिली असती. पण आम्ही पडलो नागपूर जिल्ह्यातले.

पुतण्याने मला आधी वास घ्यायला लावला. वास चुलीचा होता. पावसाळ्यात ओली लाकडे पेटत नाहीत आणि आई फुंकणीने फुंकत बसते, त्या चुलीचा. मला क्षणभर बरे वाटले. मग मी घोट घेतला, आणि तो पुतण्यासमोर विदर्भाची शान राखण्याच्या भरात जरा मोठाच घेतला.

पहिली दोन-तीन सेकंदे काहीही झाले नाही. मी ‘‘यात काय आहे?’’ असे म्हणण्यासाठी श्वास आत ओढला, आणि तेथेच चुकलो. बिअरमधला वायू नाकाकडे चढला, वर जाताना मिरची सोबत घेऊन गेला, आणि मला जो ठसका लागला त्याने ओसरीवरच्या कोंबड्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. डोळ्यांतून, नाकातून पाणी, त्यात उचकी. आमची ही स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, आणि मी तो घटाघटा प्यालो.

हे मला सर्वांत जास्त लागले आहे. बत्तीस वर्षे मी विज्ञान शिकवले. मिरचीतील कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते तेलातुपात आणि अल्कोहोलमध्ये विरघळते, हे मी फळ्यावर लिहून दिलेले आहे. 1912 साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने मिरचीचा तिखटपणा मोजण्याची रीत काढली, तेव्हा त्यानेही मिरचीचा अर्क आधी अल्कोहोलमध्येच उतरवला होता. मग तो साखरेच्या पाण्यात वाढवत वाढवत नेऊन, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासे होईपर्यंत पातळ केला. माझ्या पेल्यात होता तो त्या प्रयोगाचा पहिलाच टप्पा. साखरेचे पाणी घालायला कोणी आले नाही. हालापेन्यो त्या मापात अडीच हजारांपासून आठ हजारांपर्यंत जाते, म्हणजे आपल्याकडच्या तिखट मिरच्यांपुढे ती वर्गातली मागच्या बाकावरची मुलगी. मला या मुलीने हरवले. आणि एवढे सगळे ठाऊक असताना मी पाणी प्यालो! ज्ञान घशाच्या वरच राहते, याचा हा पुरावा.

शुद्ध आल्यावर मी खूण केली, ‘‘ताक.’’ दुधातले केसीन हे प्रथिन ताकातही असते आणि ते मिरचीचा दाह धुऊन नेते. घरात लोटीभर ताक होते. ते मी एका दमात संपवले आणि लोटी खाली ठेवली, तो समोर शेजारची आजी उभी. त्या लोटीतले ताक तिचे होते. दर रविवारी ती ते न्यायला येते.

‘‘माह्यं ताक पेलं गुर्जीनं,’’ ती म्हणाली. तक्रार नव्हती, ती नोंद होती. एवढे म्हणून ती पायरीवर बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. माझी उचकी चालूच होती.

या आजीबद्दल थोडे सांगावे लागेल. तिचे वय तिला ठाऊक नाही, आणि तिच्या मुलाचे मला ठाऊक आहे, कारण तोही माझा विद्यार्थी. तिने सगळे आयुष्य मिरचीच्या सातऱ्यावर काढलेले आहे. ज्यांनी सातरा पाहिलेला नाही त्यांनी डोळ्यांसमोर आणावे की, एक मोकळे मैदान गुडघाभर लाल झालेले आहे आणि त्या लाल रंगात ओळीने बायका बसलेल्या आहेत, लुगड्याचा पदर नाकातोंडाला बांधून, दिवसभर मिरचीचे देठ खुडत. मजुरी वजनावर मिळते. माझी उचकी ऐकत बसलेली ती बाई एवढ्या मिरच्यांतून गेलेली होती.

‘‘काऊन जी खोकलता? काय पेले?’’

पुतण्याला वाटले, वृद्ध बाई आहे, बिअर म्हणणे बरे दिसणार नाही. तो म्हणाला, ‘‘आजी, हे चिपोटले आहे.’’

‘‘पोटाले?’’ आजीचा चेहरा उजळला. आमच्याकडे ‘ला’चे ‘ले’ होते, हे अमेरिकेत गेलेला मुलगा विसरला होता. ‘‘पोटाले बरं असते काय? म्हंजे काढाच म्हना ना.’’

‘‘नाही आजी, चि-पोट-ले.’’

‘‘तेच तं म्हनतो मी. पोटाले. माह्यंबी पोट चार दिवसांपासून धरून आहे. ताक तं गुर्जीनं पेलं. मंग आता मले काय?’’

हा प्रश्न न्यायाचा होता. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी उचकी दिली, आणि त्याने तिला होकार समजून चहाच्या कपात दोन बोटे बिअर ओतून तिच्या हाती दिली. तिच्याकडे परवाना नव्हता, हे मी शिक्षक या नात्याने नमूद करतो. परंतु प्रकृतीच्या जपणुकीसाठीच ती पीत होती, हेही तितकेच खरे आहे, आणि त्या ओसरीवर कायद्याचा आत्मा कोणाला कळला असेल तर तो तिलाच.

तिने कप उचलून तोंडाला लावला नाही. आधी त्यात करंगळी बुडवली, ती अंगठ्यावर चोळली आणि नाकाशी नेली. तिच्या बोटांची पेरे मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. नखांच्या कडांशी कातडी तांबूस, कोरडी आणि भेगाळलेली, जणू लाल रंग आतून चढला आहे. मग तिने एक घोट घेतला, तो तोंडात फिरवला, डोळे मिटले आणि गिळला. आम्ही तिघे तिच्याकडे पाहत होतो. ना खोकला, ना ठसका.

‘‘मिरची वाळली नोती,’’ ती म्हणाली.

‘‘म्हणजे?’’ पुतण्या पुढे सरकला.

‘‘वाळवून मंग धुरावर नाई धरली. ओलीच घातली धुरात. वाळलेल्या मिरचीचा धूर असा गोड नाई लागत, थो घशाले धरते.’’ आणखी एक घोट. ‘‘जाडी मिरची आहे. आपली नोय. अन् बी काढलं नाई कोनी. अन् देठासंग टाकली. आळशी मानसं आहेत थे.’’

पुतण्याने बाटली फिरवून बारीक अक्षरे वाचली. झाडावर पूर्ण पिकलेली मिरची, अख्खी, ताजी असताना धुरावर ठेवलेली, असे तेथे लिहिलेले होते. देठाबद्दल काही नव्हते. पण मला आता देठाबद्दलही शंका उरलेली नाही. तो मुलगा तासाभरापासून मला ‘धुराचा थर’, ‘मागाहून येणारी ऊब’ अशा गोष्टी सांगत होता. तो गप्प झाला.

‘‘केवढ्याची हे शिशी?’’

त्याने डॉलरचे रुपये करून सांगितले, साडेतीनशेच्या आसपास.

‘‘अन् मिरच्या किती असतीन यात?’’

‘‘एखाद-दोन, आजी.’’

तिने कपाकडे पाहिले. हिशेब करताना तिचे ओठ हलतात, तसे हलले. मग तिने कप पालथा करून उरलेला थेंब तोंडात घेतला आणि म्हणाली, ‘‘मंग सांडाले नाई पायजे.’’

ती हसत म्हणाली, आम्हीही हसलो. पण मला ते हसू तेवढे मानवले नाही. आमच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्याचा मला अभिमान आहे, सत्कारांतल्या भाषणांत मी तो व्यक्तही केलेला आहे. परंतु माझ्या लहानपणी घरोघर अंगणात वाळणारी ती मिरची आज खुद्द आमच्या शिवारात संकरित वाणांच्या गर्दीत शोधावी लागते. धूर लागलेली परकी मिरची बाटलीत गेली की तिचा इतिहास छापला जातो, तिच्या भाषेची व्युत्पत्ती सांगितली जाते, तिला नाकाने आधी नमस्कार करावा लागतो. आमच्या मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईला मात्र रात्री नातवाच्या डोळ्यांतले काजळ पुसण्याची भीती वाटते, कारण हात कितीही धुतले तरी आग जात नाही. ती बाटलीवर कोणी छापत नाही. मला ठाऊक आहे की विनोदी लेखात हे बसत नाही. पण त्या दुपारी माझे तोंड पोळलेले होते आणि पोळलेल्या तोंडाने विनोद सुचत नाही.

शिवाय, स्पष्टच सांगतो, मला राग आजीचाही आहे. तिने संध्याकाळपर्यंत ही हकीकत पारावर पोचवली. त्यात तिचा घोट नव्हता. होता फक्त माझा ठसका, माझी उचकी आणि ‘माह्यं ताक’. पोपट आणि कोंबड्या मिरच्या खुशाल खातात, कारण पाखरांना कॅप्सायसिनचा तिखटपणा जाणवतच नाही. 1997मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने आपल्या शरीरातला मिरचीची आग ओळखणारा संवेदक शोधला, आणि 2021चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. हे मी पारावर समजावून सांगायला गेलो, उष्णता आणि मिरची ओळखणारी वेस एकच आहे, त्यामुळे यात माझा दोष नाही, असे. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एकाने विचारले, ‘‘मंग आजीले थे वेस नाई काय?’’

परवा सकाळी आजी पुन्हा आली. वार रविवार नव्हता, हातात लोटी नव्हती.

‘‘गुर्जी, थो पोटाचा काढा उरला असन तं द्या. गुडघ्याले लावतो.’’

आता यात चेष्टा करण्यासारखे काही नव्हते, कारण सांधेदुखीच्या मलमांत कॅप्सायसिन घालतात, हे खरेच आहे. दुसरी बाटली कपाटात गंगाजलाच्या तांब्याशेजारी उभी होती, पुतण्या परत गेला होता, आणि माझी तिला हात लावण्याची इच्छा नव्हती. मी ती काढून दिली. विज्ञानाचा शिक्षक म्हणून हेही सांगितले की बाहेरूनच चोळा, जखम असेल तेथे लावू नका, आणि हात डोळ्यांना लागू देऊ नका.

‘‘डोयाचं मले सांगता?’’ ती म्हणाली आणि बाटली पदराखाली घेऊन गेली.

काल सकाळी तिने बाटली धुऊन परत आणून दिली. मी विचारले, ‘‘गुडघे कसे आहेत?’’

‘‘गुडघे तं जसेच्या तसे आहेत जी,’’ आजी म्हणाली, ‘‘पन झोप मस्त लागली.’’